अंगठ्याची खूण

एक्केचाळीस वर्षांच्या प्रॉम्प्टिंगमध्ये कुमुद पोतदारने विंगेतून चुकीच्या जागी शब्द दिला नव्हता. तो तिने दिला एका मंगळवारी, संध्याकाळच्या तालमीत, आणि तोही स्वतःच्या नवऱ्याला.

नाटकात विलासराव एका निवृत्त स्टेशनमास्तरचं काम करत होते. चौकशीत वकील विचारतो, "मास्तर, सिग्नल नसताना गाडी तुम्ही सोडलीत का?" त्यावर मास्तरने गप्प राहायचं, मनात पाच आकडे मोजायचे आणि म्हणायचं, "सोडली." सगळं नाटक त्या एका शब्दावर उभं होतं. विलासराव गप्प राहिले. पाच झाले, सात झाले, नऊ झाले. विंगेत वही मांडीवर घेऊन बसलेल्या कुमुदने त्यांच्याकडे नीट पाहिलं. काहीच कळेना. शेवटी तिने हलकेच शब्द टाकला, "सोडली."

"ताई, पॉज होता तो," दिग्दर्शक निनाद म्हणाला. तिशीतला पोरगा, दिवसभर कॉलेजात शिकवून तालमीला यायचा. त्याच्या आवाजात रागापेक्षा थकवाच जास्त होता.

पूर्वीचे विलासराव असते तर तालीम तिथेच थांबली असती. आवाज खालच्या वाचनालयात पोचून ग्रंथपाल वर आला असता आणि घरी जाताना नवरा-बायको रिक्षात दोन दिशांना तोंडं करून बसली असती. आताचे विलासराव म्हणाले, "असू दे. पुन्हा घेऊ."

त्या 'असू दे'ने कुमुदच्या अंगाचा तिळपापड झाला. गेले चार महिने ती हे 'असू दे' ऐकत होती.

प्रॉम्प्टर म्हणजे वहीतलं वाचून दाखवणारी बाई, असं बाहेरच्यांना वाटतं. वही कुणीही वाचील. खरं काम असतं ते नट गप्प झाला की विसरलाय की थांबलाय हे ओळखण्याचं, आणि त्याला वेळ मिळतो एका श्वासाचा. कुमुद प्रत्येक नाटक दोनशे पानी वहीत स्वतःच्या हाताने उतरवून काढायची. ठरलेल्या पॉजच्या जागी समासात कुंकवाचं बोट टेकवायची. कधीतरी पहिल्या नाटकाच्या वेळी ऐनवेळी लाल पेन संपलं होतं, तेव्हापासूनची ही सवय. पण विलासरावांच्या बाबतीत कुंकू पुरत नसे. त्यांना रंगात आल्यावर नवे पॉज सुचायचे. तिथे कुमुदला उपयोगी पडायचा त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा. विसरले की तो पहिल्या बोटाच्या पेरावर गोल फिरू लागायचा. मग गळ्याची घाटी वर चढायची आणि तिथेच थांबायची. त्यानंतर कुमुद शब्द द्यायची, तोही पहिलाच, पुढचं ते स्वतः ओढून न्यायचे. अंगठा स्थिर असेल तर तो पॉज, मग तो कितीही लांबो. हे गुपित तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. विलासरावांनाही नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी अंगठा खिशात घातला असता.

घरीही तेच चालायचं. लग्नात समोरून कुणी हसत आला आणि यांचा अंगठा फिरू लागला की कुमुद मागून पुटपुटायची, "माळी भावजींचा मधला." लगेच विलासराव दोन्ही हात पसरून म्हणायचे, "अरे, वडील कसे आहेत?" लोक म्हणत, पोतदारांची स्मरणशक्ती काय दांडगी.

कुमुदचं तरुणपण सांगलीच्या ट्रंक एक्स्चेंजात गेलं होतं. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात पिनांच्या दोऱ्या. दिवा लागला की पिन घालायची, "नंबर प्लीज" म्हणायचं, पलीकडची ओळ जोडायची. पंढरपूरची बाळंतपणं, इचलकरंजीचे सुताचे भाव, मुंबईहून आलेल्या मरणाच्या बातम्या, सगळं तिच्या बोटांतून गेलं. पुढे यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला. त्या हॉलमधला गरम तारांचा आणि मुलींनी माळलेल्या अबोलीचा मिसळलेला वास मात्र तिला अजून कधीतरी अचानक यायचा. नाटकात ती आली ती एक्स्चेंजात कमावलेल्या आवाजामुळेच. तिचं कुजबुजणं नेमकं तिसऱ्या पावलापर्यंत पोचायचं आणि चौथ्याला ऐकू जायचं नाही.

आणि हे सगळं त्या कानातल्याने बिघडवलं.

कानातलं आणलं केदारने, कुमुदच्या थोरल्या बहिणीच्या मुलाने. तो पुण्यात वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत होता. गेल्या वर्षी विलासरावांना प्रयोगाआधी उलट्या होऊ लागल्या होत्या, रक्तदाब चढत होता, हात थरथरून चहाची बशी वाजत होती. पन्नास नाटकं केलेला माणूस सत्तराव्या वर्षी रंगमंचाला भिऊ लागला होता. डॉक्टरांनी नाटक बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा केदारने ही वस्तू पुढे केली. कानाच्या वरच्या खळग्यात बसणारा मोत्याएवढा मणी, बाहेरून भिकबाळीसारखा. नाव 'निवांत'. कानात शब्द सांगणारी यंत्रं नाट्यस्पर्धेत बंद होती, पण हे काही सांगत नव्हतं, त्यामुळे नियमात बसलं.

ते काय करतं हे केदारने स्वयंपाकघरात बसून समजावलं. मावशीला कळावं म्हणून त्याने एक्स्चेंजचीच भाषा धरली.

मेंदू आणि पाठीचा कणा हे मुख्य कार्यालय. तिथून साऱ्या अंगभर तारा जातात, त्या नसा. निरोप नसेतून विजेसारखा धावतो, पण नस जिथे संपते तिथे एक अगदी बारीक फट असते. वीज ती ओलांडू शकत नाही. मग नसेचं टोक एका रसायनाचे थेंब सोडतं, ते पलीकडे जाऊन बसतात आणि निरोप पुढे सुरू होतो. म्हणजे प्रत्येक फटीत पिन घेऊन बसलेली एक मुलगी आहे म्हण. हृदयाकडे दोन प्रकारच्या तारा जातात. एकीच्या टोकाला नॉरॲड्रेनलीन सुटतं, ते घोड्याला टाच मारतं. दुसरीच्या टोकाला ॲसिटिलकोलीन, ते लगाम खेचतं. फार पूर्वी कुणीतरी बेडकाचं हृदय खारट पाण्यात ठेवून त्याची लगामाची नस चेतवली. हृदय मंदावलं. मग ते नुसतं पाणी दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. नस जोडलेली नव्हती, तरी निरोप पोचला. तो पाण्यातून गेला होता.

"ती लगामाची नस मानेतून खाली पोटापर्यंत भटकत जाते," केदार म्हणाला, "आणि तिची एक बारीक फांदी कानाच्या खळग्यात येते. मणी तिथे बसतो. नाडी वाढली, घाम फुटला की त्याला कळतं आणि तो नस चेतवतो. गंमत अशी की या नसेतल्या बऱ्याचशा तारा खालून वर जाणाऱ्या आहेत. त्या मेंदूला सांगतात, छातीत ठीक आहे, पोटात ठीक आहे. मेंदू मग धोक्याची घंटा बंद करतो."

"पण ठीक नसलं तर?" कुमुदने विचारलं.

"तरी तसंच सांगतात."

"आमच्याकडे खोटा कॉल जोडला तर मेमो मिळायचा," कुमुद म्हणाली आणि पोहे ढवळायला लागली. केदार हसला. विलासरावांनी मणी कानात घातला, दोन मिनिटं थांबले आणि म्हणाले की किती वर्षांनी खांदे खाली उतरल्यासारखं वाटतंय. तो त्यांचा चेहरा बघून पुढे काही बोलायचं कुमुदच्या जिवावर आलं.

पहिला महिना सुखाचा गेला हे तिने नंतरही नाकबूल केलं नाही. उलट्या थांबल्या, बशी वाजेनाशी झाली. मग विलासराव मणी घरीही घालू लागले. सकाळी अंघोळीच्या वेळी अर्धा तास तो चार्जिंगला लागायचा, तेवढाच काय तो बाहेर.

आणि घर विझल्यासारखं झालं. दूध उतू जाताना विलासराव त्याच्याकडे पाहत उभे राहिले. दाराला कुलूप न लावता भाजीला गेले. कुमुदने आवाज चढवला की ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, असू दे. एकटीने भांडून भांडून तिच्या घशाला कोरड पडायची. बेचाळीस वर्षांच्या संसारात भांडणाची दोघांची वाटणी ठरलेली होती, सुरुवात तिची आणि शेवट त्यांचा. आता शेवटच येत नव्हता. मैत्रिणी म्हणाल्या, भाग्यवान आहेस, आमच्याकडे आण एक मणी. तिने मैत्रिणींशीही दोन दिवस अबोला धरला.

मग पुतणीच्या लग्नात समोरून विलासरावांचा शाळासोबती आला, ज्याच्याबरोबर त्यांनी दहा वर्षं एका बाकावर काढली होती. कुमुदने सवयीने अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा स्वस्थ होता, म्हणून ती गप्प राहिली. विलासराव त्या माणसाकडे बघून गोड हसत राहिले, नुसतेच. तो बिचारा जरा वेळ थांबून पंगतीकडे गेला. "ओळखलं नाहीत का?" तिने विचारलं. "कोण होता?" विलासराव म्हणाले, तेही हसतच.

तेव्हापासून तिची चिडचिड वाढली ती भीतीमुळे, पण ती स्वतः तिला चिडचिडच म्हणायची. विसरणं वाढलंय की विसरल्याची फिकीर तेवढी कमी झालीय, हे तिला सांगता येईना. आणि त्यांना विचारून उपयोग नव्हता.

त्या मंगळवारच्या चुकीनंतर निनादने हात जोडून सांगितलं की ताई, तेवढ्या जागी काही झालं तरी शब्द देऊ नका. प्राथमिक फेरीत ती जागा आली. वकिलाने प्रश्न विचारला. विलासराव गप्प झाले. कुमुदने मोजलं, दहा, वीस, तीस. अंगठा हलत नव्हता. वहीच्या कडेवर तिची नखं रुतली. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पस्तिसाव्या आकड्याला वकील झालेल्या पोराने घाबरून प्रश्न पुन्हा विचारला, "मास्तर, गाडी तुम्ही सोडलीत का?" आणि विलासराव स्वच्छ आवाजात म्हणाले, "सोडली." टाळ्या थांबेनात. नाटक अंतिम फेरीत गेलं, अभिनयाचं पहिलं बक्षीस विलासरावांना मिळालं, आणि परीक्षकांनी त्या शांततेबद्दल वेगळी दोन वाक्यं बोलून दाखवली.

रिक्षात कुमुदने विचारलं, "तो पॉज होता, की आठवत नव्हतं?"

विलासराव विचार करून म्हणाले, "माहीत नाही गं."

खोटं बोलले असते तरी तिला चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने केदारला बोलावून घेतलं. मणी किती वेळा चालला याची नोंद कुठे राहते का, असं विचारलं. राहत होती. दिवस, वेळ, घंटा किती जोरात वाजली आणि किती वेळात दाबली, सगळं केदारच्या फोनवर दिसत होतं. आजवर कुणी ते उघडून पाहिलं नव्हतं, कारण तक्रार नव्हती. कुमुदने आपल्या वह्या काढल्या. त्यांत ती प्रत्येक प्रवेशाची आणि पॉजची वेळ सेकंदासकट लिहून ठेवायची. शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरात तिने दूध उतू गेलेलं, कुलूप राहिलेलं, लग्नाचा मुहूर्त, सगळं चिडून चिडून टिपलं होतं. मावशी वाचत गेली, भाचा नोंद शोधत गेला.

मुहूर्तानंतर वीस मिनिटांनी, पंगतीच्या आधी, घंटा वाजली होती. जोरात. दाबली होती सोळा सेकंदांत. भाजीच्या दिवशीही, परतून दाराशी आल्यावर. आणि प्राथमिक फेरीत, दुसऱ्या अंकात, वकिलाच्या प्रश्नानंतर तीन सेकंदांनी ती इतकी जोरात वाजली होती की केदारने आकडा दोनदा पाहिला. त्या मंगळवारच्या तालमीतही, नवव्या आकड्याला, तिने शब्द टाकण्याच्या आधीच. म्हणजे कुमुदने चुकीच्या जागी शब्द दिलाच नव्हता.

पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चार नोंदी होत्या. आता चाळिशी गाठली होती.

"दिवा लागत होता," कुमुद म्हणाली. "रोज लागत होता. तुझ्या यंत्राने त्याच्यावर फडकं टाकलं."

केदार मान खाली घालून बसला.

विलासरावांना हे सांगून पाहिलं. मणी कानात होता. ते म्हणाले, "असं होय." आणि पेपर पुढे ओढला. कुमुदला वाटलं, तो पेपर चुलीत घालावा, पण घरात चूल नव्हती. तिने सकाळपर्यंत दम धरला. अंघोळ करून, पंचा गुंडाळून ते देवापाशी आले, मणी न्हाणीघराबाहेर चार्जिंगला होता. तिने तो उचलून मुठीत धरला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, तारखा आणि वेळांसकट.

ऐकता ऐकता विलासरावांची घाटी वर चढली. अंगठा पंचाच्या काठावर फिरू लागला, गोल, गोल. इतक्या महिन्यांनी तो अंगठा फिरताना बघून कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला राग आला.

"मला कळत होतं गं," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी कळायचं. आणि कळेपर्यंत विझून जायचं."

मग ते भांडले. तिच्यावर, केदारवर, तिने देवापुढे चपला घातल्यात म्हणून, कॅलेंडरात नवऱ्याच्या चुका लिहून ठेवतात का म्हणून. शेवट त्यांनी केला, खुर्चीत बसून, तोंडावर पंचा धरून. कुमुदने त्यांच्यापुढे चहा ठेवला. बशी वाजत होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्मृतीचा आजार सुरू झाल्याचं सांगितलं. लवकर आलात म्हणाले, तेव्हा कुमुद बाहेर बघत राहिली. गोळी दिली ती मेंदूतलं ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारी. हृदयाचा लगाम खेचणारं तेच रसायन वर मेंदूत आठवणींच्या कामाला लागतं आणि तिथे ते कमी पडत चाललं होतं. गोळीने आजार बरा होणार नव्हता, जरा दमाने येणार होता.

राहिली होती अंतिम फेरी. डॉक्टरांची हरकत नव्हती, हवं तर तेवढ्या प्रयोगापुरता मणी घाला म्हणाले. निनादला सगळं सांगितलं. तो हळहळला, पण दिग्दर्शक तो दिग्दर्शकच. मणी घालून काकांना एवढा एकच प्रयोग करू दे, त्या पस्तीस सेकंदांनी आपण पहिले येऊ, असं तो चाचरत म्हणाला. शिवाय शब्द दिलेला परीक्षकांना ऐकू गेला तर गुण कापले जातात. कुमुदच्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते तिने गिळलं. हा शब्द तिने द्यायचा नव्हता. तिने विलासरावांकडे पाहिलं.

"मणी नको," विलासराव म्हणाले. "शेवटचं काम आहे. मला भीती वाटू दे. ही बसेल विंगेत."

अंतिम फेरी कोल्हापूरला होती. नारळ फुटला, तिसरी घंटा झाली. विलासराव विंगेत एकदा ओकले, चूळ भरली आणि प्रकाशात गेले. कुमुदने वही उघडली, पण पाहिली फारच थोडी. तिची नजर त्या डाव्या हातावर होती. पहिल्या अंकात अंगठा चारदा फिरला, चारदा तिने शब्द टाकला, आणि चारही वेळा त्यांनी तो झेलला. त्यांचा आवाज कापत होता. पोशाखाची पाठ घामाने काळी झाली होती. प्राथमिक फेरीतला मास्तर एखाद्या पुतळ्यासारखा होता. आजचा मास्तर खरोखरच कुठल्या तरी गाडीखाली सापडल्यासारखा दिसत होता. तिसऱ्या आणि चौथ्या शब्दाच्या वेळी पुढच्या रांगेतल्या परीक्षकाने मान वर करून कागदावर काही लिहिलं, तेही तिने पाहिलं.

दुसऱ्या अंकात वकिलाने प्रश्न विचारला. कुंकवाचं बोट. कुमुदने मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या आकड्याला अंगठा किंचित हलला. हलला की थरथरला? पाचव्याला तो फिरला. घाटी वर चढली. तिने श्वास घेतला आणि शब्द दिला, नेहमीपेक्षा थोडा मोठ्याने.

"सोडली," विलासराव म्हणाले आणि रडले. ते वहीत नव्हतं.

त्यांना बक्षीस मिळालं नाही. नाटक चौथं आलं. निनादने दोघांच्या पायांना हात लावला आणि सामान बांधायला गेला. रंगपटात आरशासमोर बसून विलासराव खोबरेल तेलाने रंग पुसत होते. अर्धा चेहरा मास्तरचा होता, अर्धा त्यांचा.

"वाट लावलीस," ते आरशातूनच म्हणाले. "बाकीचं जाऊ दे. पण ती जागा? एक्केचाळीस वर्षं नाटकात काढलीस, बाई. तो पॉज होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पॉज होता तो, आणि तू मध्ये तोंड घातलंस. ठार बहिऱ्याला ऐकू गेलं असेल. तुला कळत कसं नाही?"

कुमुदने तोंड उघडलं. तारखेनिशी, वेळेनिशी सगळं तिच्याकडे तयार होतं. मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. तेलाच्या बाटलीशेजारी त्यांचा डावा हात होता, आणि अंगठा पहिल्या बोटाच्या पेरावर गोल फिरत होता, फिरत होता, थांबत नव्हता.

तिने वही मिटली.

"हो," ती म्हणाली. "चुकलंच माझं. पॉज होता."